दप्तरखाना : बॉयलरमध्ये गेलेलं मस्टर

मागच्या अंकात जुन्या रजिस्टरांना कसर लागली तर काय करावं, ते लिहिलं होतं. वाटलं, आता महिनाभर कसरीवरच पत्रं येणार. एकच आलं, ते शेवटी घेतलंय. बाकीच्या पत्रांत पाट्या बदलल्याच्या तक्रारी. कुणाकडे 'रेकॉर्ड रूम'ची पाटी काढून 'इन्फर्मेशन गव्हर्नन्स'ची लावलीय, कुणाकडे डेटा कायद्याच्या धाकाने साहेबलोक कपाटं उपसुलालेत. (बेळगावबाहेरच्या वाचकांनी याचा अर्थ 'उपसत आहेत' असा घ्यावा.) पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीय. ती गेली पाहिजे होती.

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात चौदा वर्षं रेकॉर्ड सांभाळते. कास्टिंगवर मशीनिंग करून आमचा माल युरोपात जातो. हीट नंबर (भट्टीतल्या एका ओतणीचा नंबर), टेस्ट सर्टिफिकेट, ड्रॉइंगच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, सगळं माझ्याकडे. गेल्या महिन्यात परिपत्रक आलं : रेकॉर्ड विभाग बंद, आता 'इन्फर्मेशन गव्हर्नन्स'. त्याची समिती झाली. तिच्यात वकील, आयटी, एचआर, क्वालिटी असे सगळे आहेत, मी नाही. सगळं स्कॅन करून कपाटं रिकामी करायची म्हणतात. हे गव्हर्नन्स म्हणजे नेमकं काय, आणि माझी नोकरी जाणार का?
(एक वाचक भगिनी, अनगोळ)

उत्तर : ताई, आधी माझी एक चूक ऐका.

मी सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली. रूम मळीच्या टाकीमागे. तिथल्या प्रत्येक कागदाला मळीचा वास, आणि घरी गेलो की मलाही. ज्यांनी मला काम शिकवलं ते जुन्या मुंबई राज्याच्या शिस्तीतले. कागदाचे वर्ग ठरलेले : 'अ' कायमचा, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' पाच आणि 'ड' एक वर्ष. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण आमच्या रूममधले अ-ब-क-ड जागचे हलले नाहीत. दरवर्षी गळीत हंगाम सरत आला की मुदत संपलेल्या गठ्ठ्यांची यादी करायची, मॅनेजरसाहेबांची सही घ्यायची आणि गठ्ठे हातगाडीवर घालून बॉयलरकडे न्यायचे. बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालतो, त्यातच आमचे कागद. हंगाम संपला की बॉयलर थंड, म्हणून मार्चमध्येच घाई.

अशाच एका मार्चमध्ये हंगामी कामगारांची हजेरी मस्टरं गेली. दहा वर्षं पुरी झालेली, 'क' वर्ग, यादीत नोंद, खाली सही, सगळं रीतसर. मे महिन्यात लीगलचे साहेब स्वतः खाली उतरून आले. आमच्या रूममध्ये ते कधी येत नसत. म्हणाले, "ती अमुक सालची मस्टरं काढा बघू, ग्रॅच्युइटीच्या केसला द्यायची आहेत." मी जाळलेल्या गठ्ठ्यांचं रजिस्टर त्यांच्यासमोर उघडलं. त्यांनी नोंदीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही.

केस अशी होती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मिळते. मग कामगाराने किती हंगाम भरले हाच सगळा वाद, आणि त्याचा एकमेव पुरावा ते मस्टर. केस दीड वर्ष चाललेली होती. वकिलांना माहीत, टाइम ऑफिसला माहीत, पर्सोनेलला माहीत. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. समोरच्या वकिलाने फार काही केलं नाही. एवढंच म्हणाला, कागद यांच्याकडे होता, केस चालू असताना यांनी तो जाळला, तेव्हा तो यांच्याविरुद्धच बोलणारा असणार. कामगारांना पैसे मिळाले. खरं सांगायचं तर त्याचं मला मनातून वाईट वाटलं नाही. पण एमडींच्या केबिनमध्ये अर्धा तास उभं राहावं लागलं, ते अजून आठवतं.

नियम मी मोडला नव्हता. तरी चूक झाली, कारण कागदाचं वय मला ठाऊक होतं आणि तो कशात अडकलाय ते ठाऊक नव्हतं. वय माझ्या खात्यात, भानगड दुसऱ्याच्या खात्यात. ही दोन खाती एका टेबलावर आणायचं काम म्हणजे तुमच्या परिपत्रकातलं इन्फर्मेशन गव्हर्नन्स. मी त्याला 'माहितीचा कारभार' म्हणतो. कोणती माहिती कुणाची, ती कशासाठी घेतली, कुणी बघायची, किती दिवस ठेवायची, कधी घालवायची आणि कधी काही झालं तरी हात लावायचा नाही, हे आधी ठरवून लिहून ठेवायचं, आणि त्याच्याखाली एका माणसाचं नाव घालायचं.

बाहेर हे का वाढलं, तेही सांगतो. २००१ च्या शेवटी अमेरिकेत एन्रॉन बुडाली. तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसनच्या ऑफिसात चौकशीच्या तोंडावर कागद मशीनमध्ये घालून फाडले गेले. गंमत अशी की तिथेही बोट दाखवायला कागद ठेवण्या-घालवण्याचा नियम होता, नेमका त्याच वेळी त्याची आठवण झाली. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची शिक्षा फिरवली, पण तोवर कंपनी जवळपास संपली होती. मधल्या काळात, २००२ साली, सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि चौकशीत अडथळा म्हणून कागद नष्ट करणाऱ्याला २० वर्षांपर्यंत कैद लागू झाली. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या दिवाणी कोर्टांच्या नियमांत ईमेल आणि कॉम्प्युटरवरची माहिती स्पष्टपणे आली. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर, म्हणजे माणसांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू झाला. कागद जपा एवढंच आम्हाला ठाऊक असलेले कायदे सांगत होते. जीडीपीआरने उलटंही सांगितलं, की गरज संपल्यावर माणसाची माहिती ठेवायची नाही. आमच्या पिढीला ही उलटी बाजू कुणी शिकवली नव्हती. आम्हाला जपणं म्हणजे पुण्य.

तुमचा माल युरोपात जातो, म्हणून परिपत्रक तुमच्याकडे आधी पोचलं. खानापूरच्या काजू कारखान्यात ते उशिरा जाईल, पण जाईल.

आता नोकरीचं. कपाटाची किल्ली सांभाळणारी जागा जाणार, हे मी गोड करून सांगत नाही. कागद मागितला की काढून देणं, एवढंच जर काम असेल तर ते कॉम्प्युटर करील. पण तुमचं काम तेवढंच आहे का, ते बघा. समजा सहा वर्षांपूर्वीचं एखादं कास्टिंग तिकडे तडकलं. ग्राहक फक्त हीट नंबर कळवतो. त्या हीटचं केमिकल टेस्टचं सर्टिफिकेट, त्या दिवशी लागू असलेली ड्रॉइंगची आवृत्ती, आणि त्या लॉटमधले तुकडे आणखी कुणाकुणाला गेले ती डिस्पॅच नोंद, हे तीन धागे जुळवायला कारखान्यात कोण बसतं? तुम्ही. आता स्कॅन करणारा मुलगा येईल, दिवसाला दोन हजार पानं काढील आणि त्यांना 'स्कॅन एक', 'स्कॅन दोन' अशी नावं देईल. त्यात तो हीट नंबर कुणाला सापडणार? कपाट बंद होतं तेव्हा निदान तुमच्या डोक्यात तरी यादी होती.

म्हणून समितीत घ्या अशी विनंती करू नका. एका पानाची टिपणी द्या. आपल्याकडे कोणकोणत्या प्रकारचे कागद आहेत, प्रत्येकाला कोणती चार माहिती जोडल्याशिवाय तो स्कॅन करण्यात अर्थ नाही, आणि ग्राहकांच्या करारात कुठला कागद किती वर्षं ठेवायचं कबूल केलंय, हे लिहा. हे शेवटचं बहुधा तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. करार मार्केटिंगच्या फाइलीत पडून असतो आणि तो वाचतं कोण! क्वालिटीच्या साहेबांना आठवण करून द्या, की आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने 'डॉक्युमेंट' आणि 'रेकॉर्ड' हे जुने शब्द सोडून एकच 'दस्तावेजित माहिती' धरली, पण चालू ठेवायची कुठली आणि जपून ठेवायची कुठली हा भेद आत तसाच आहे. तो भेद तुम्ही चौदा वर्षं हाताने करताय.

आयटीच्या साहेबांना एक प्रश्न विचारा, नम्रपणे : "साहेब, बॅकअप आहे म्हणजे रेकॉर्ड आहे का?" बॅकअप म्हणजे सगळ्याची एकदम नक्कल, मशीन बंद पडलं तर परत उभं करायला. त्यात चुकीचं ड्रॉइंगही असतं, रद्द केलेलंही असतं. रेकॉर्ड म्हणजे यातलं कोणतं खरं धरायचं ते ठरवलेलं. साहेब थांबून विचार करायला लागले तर समजा, खुर्ची मिळाली.

आणखी एक सांगायचं राहिलं. अमेरिकेत रेकॉर्डवाल्यांची 'अर्मा' नावाची संघटना १९५५ पासून आहे. तिने २००९ साली या कामाची आठ तत्त्वं काढली. त्यात जबाबदारी हे तत्त्व आहे, संरक्षण आहे, आणि विल्हेवाट हेही एक स्वतंत्र तत्त्व आहे. आमच्याकडे विल्हेवाटीला तत्त्व नव्हतं, हातगाडी होती. पूर्वी कागद म्हातारा झाला की आम्हाला बोलवायचे. आता फॉर्म छापायच्या आधी बोलवायला हवं, कारण त्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना कशाला हवाय, हे तिथेच विचारायचं असतं.

प्रश्न : आमची छोटी पतसंस्था आहे. सभासदांच्या आधार, पॅन, रेशनकार्डाच्या झेरॉक्सनी चार कपाटं भरलीत. नव्या डेटा कायद्यात २५० कोटी दंड आहे असं ऐकून संचालक घाबरलेत. एक म्हणतात सगळं जाळा. दुसरे म्हणतात सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घ्या. काय करावं?
(एका पतसंस्थेचे सचिव, निपाणी)

उत्तर : दोघांनाही आधी चहा द्या.

हा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायला १८ महिन्यांची मुदत दिली. २५० कोटी ही दंडाची वरची मर्यादा. माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्यासाठी ती आहे, प्रत्येक झेरॉक्सला तेवढा दंड नाही. आता दुसऱ्या संचालकांनी नीट ऐकावं असा मुद्दा : हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो. सुरुवातीपासून डिजिटल असलेल्या, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या. म्हणजे तुमच्या कपाटातली झेरॉक्स आज या कायद्याच्या बाहेर आहे. तुम्ही ती स्कॅन केलीत की कायद्याच्या आत आलात. आणि पेनड्राइव्हवर! पानपट्टीवर खिशातून विडीचा कट्टा काढताना पडला, तर निपाणीतल्या निम्म्या गल्लीचे आधार नंबर रस्त्यावर.

पहिल्या संचालकांना माझी वरची मस्टरची गोष्ट वाचून दाखवा. कुणाची वसुलीची केस चालू आहे, कुठला जामीनदार कोर्टात गेलाय, हे वकिलांकडून लिहून घेतल्याशिवाय काडी ओढायची नाही.

मग एक साधी वही घाला. कागदाचा प्रकार, तो कशासाठी घेतला, कुठल्या कायद्यासाठी ठेवावा लागतो, कधीपर्यंत. सहकारी बँकेला काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने ओळखीचे कागद खातं बंद झाल्यावर पाच वर्षं ठेवावे लागतात. जीएसटी लागू असेल तर त्याचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. पतसंस्थेला यातलं काय लागू पडतं ते तुमच्या ऑडिटरकडून सहीनिशी घ्या, माझ्यावर जाऊ नका. रकाना भरताना जिथे 'कशासाठी' पुढे काहीच सुचणार नाही, तिथे खरं काम आहे. २००८ साली फेडून झालेल्या कर्जाच्या जामीनदाराचं रेशनकार्ड तुमच्या कपाटात कुणासाठी थांबलंय? निम्मी कपाटं अशाने भरतात. काउंटरवरचा मुलगा सवयीने म्हणतो, "दोन कॉप्या आणा, एक राहू दे." ती 'राहू दे'वाली कॉपी बंद करा. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चार अंक दिसणारी 'मास्क्ड' प्रत घेता येते का, ते बघा.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून बरं वाटलं. या कायद्यात माणसाची माहिती घेताना त्याला जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे. त्या २२ भाषांत मराठी आहे, कन्नडही आहे. आपल्या भागात मराठी परिपत्रकासाठी किती निवेदनं दिली, किती जण किती वेळा आत गेले, ते तुम्हाला मी काय सांगायचं! इथे मात्र द्यायची जबाबदारी तुमच्याच संस्थेवर आहे. तेव्हा फॉर्म दोन्ही भाषांत छापा. आणि मराठीत छापताना गुगलने केलेलं भाषांतर छापू नका, सभासदाला कळेल असं लिहा.

प्रश्न : आमची जमीन खानापूर तालुक्यात. आजोबांच्या नावाचा जुना फेरफार हवा होता. ऑफिसात म्हणाले, सगळं आता कॉम्प्युटरवर आहे, नाव टाकून येत नाही म्हणजे नाही. आजोबांचं नाव ज्ञानू. घरी मोडीतला एक कागदही आहे, तो लॅमिनेट करून घ्यावा का?
(एक शेतकरी वाचक)

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. हे आधी, कारण तुम्ही उद्याच दुकानात जाल. उष्णतेने आणि प्लास्टिकने जुना कागद आतल्या आत मरतो आणि परत निघत नाही. फोटो काढा, कागद सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात ठेवा, त्यावर पेनने काही लिहू नका, घडी पडलीय ती जबरदस्तीने उलटी करू नका. हा कागद घरात कुठे, कुणाकडे होता तेही वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. ३० वर्षांहून जुना दस्त जिथे असायला हवा अशाच ठिकाणाहून आला, तर कोर्ट त्याच्या सही-अक्षराबद्दल अनुकूल गृहीत धरू शकतं. म्हणून मूळ प्रत कुणाच्या हातात सोडू नका. मोडी वाचणारा भेटला तर त्याला फोटो द्या.

आता 'नाही'बद्दल. कॉम्प्युटर 'नाही' असं म्हणत नाही. 'तुम्ही टाकलेल्या अक्षरांनी सापडलं नाही' एवढंच तो म्हणतो. तुमच्या आजोबांचं नाव बघा. आपण उच्चारतो 'द्न्यानू', लिहितो 'ज्ञानू'. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुधा नसतोच. कन्नडमध्ये चढवणाऱ्याने 'ग्यानू' ऐकलं असेल, 'ध्यानू' ऐकलं असेल, घाईत 'नानू'ही झालं असेल. त्यात जुन्या नोंदीत आडनाव नसतं, 'ज्ञानू बिन सटवा' असं असतं, म्हणजे सटवाचा मुलगा ज्ञानू. नव्या फॉर्मात मात्र आडनावाचा रकाना आहे. चढवणाऱ्याने 'बिन' कुठे टाकला असेल, देवाला ठाऊक. मी एका ठिकाणी 'बिन' हेच आडनाव झालेलं पाहिलंय. अख्खं गाव बिनांचं.

म्हणून नाव सोडा. आजच्या उताऱ्यावरून सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर घ्या. त्यावर जो एम.ई. नंबर असेल, म्हणजे फेरफाराच्या नोंदीचा नंबर, तो धरून एकेक पायरी मागे जा. कर्नाटकाने २००० च्या आसपास 'भूमी' प्रकल्पात १७६ तालुक्यांतले सुमारे २ कोटी उतारे कॉम्प्युटरवर घेतले. मोठं काम होतं, तलाठ्याच्या मागे फिरणं त्याने बरंच वाचवलं. पण त्यात भर चालू उताऱ्यांवर होता. जुन्या फेरफारांचे गठ्ठे रेकॉर्ड रूममध्येच राहिले आणि त्यांचं स्कॅनिंग नंतरचं. स्कॅन झालं तरी सूची ज्याने केली त्याच्या कानावर सगळं.

तरीही 'सापडत नाही' म्हणाले, तर माहिती अधिकारात अर्ज द्या. १० रुपये फी, ३० दिवस. त्या २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कचेरीने आपलं रेकॉर्ड सूचीसह, क्रमवार ठेवायचं असं पहिल्याच पोटकलमात लिहिलंय. पण अर्जात 'माझा फेरफार द्या' असं मागू नका. अमुक सर्व्हे नंबरच्या अमुक ते अमुक सालच्या फेरफार रजिस्टराची सूची मागा. आणि तो नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या यादीची प्रत, तारीख आणि सहीसह मागा. या दुसऱ्या मागणीने गठ्ठे सापडतात, हा माझा अनुभव. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तर नियम सोडून सरकारी कागद नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तो कायदा केंद्राच्या कचेऱ्यांचा; कर्नाटकाने स्वतःचा २०१० साली केला. यादीच नाही, असं लिहून द्यायला कुणाचा हात उचलत नाही.

शहापूरच्या वाचकांसाठी जाता जाता : तुमची पेठ सांगली संस्थानात होती. स्वातंत्र्याआधीचे घराचे कागद बेळगावच्या गठ्ठ्यांत सापडले नाहीत तर इथल्या कारकुनाशी भांडू नका. कागद आपल्या मालकाबरोबर जातो.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेचे निर्णय आता व्हॉट्सॲपवर होतात. अध्यक्ष अंगठा टाकतात, तोच ठराव. हे रेकॉर्ड होतं का?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : पूर्वी अंगठा टाकणारा म्हणजे सही न येणारा. दिवस बदलले.

होतं. आणि त्याच दिवशी प्रोसिडिंग बुकात उतरवलं नाहीत तर एक दिवस तेच तुमचं एकमेव रेकॉर्ड असेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा मजकूर कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा ठसा समजा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. सेक्रेटरीने मोबाइल बदलला, जुना मुलाला दिला, मुलाने गेमसाठी सगळं पुसलं, मग प्रमाणपत्र कशाचं देणार? ग्रुपवरचं 'मेसेज आपोआप जाणारं' सेटिंग बंद करा आणि पुढच्या सभेत मागच्या अंगठ्यांना मंजुरी घ्या.

प्रश्न : मी इतिहास घेऊन बी.ए. करतोय. मला रेकॉर्डच्या क्षेत्रात यायचंय. घरचे म्हणतात, कारकुनी आहे. काय शिकू?
(एक विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : घरच्यांशी वाद घालू नकोस, त्यांनी बघितलेले रेकॉर्ड कीपर माझ्यासारखे होते.

दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराची शाळा आहे, तिथे अभिलेख आणि रेकॉर्ड व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. तो इतिहासवाल्यांना जमतो. पण त्याआधी बेळगावात बसून दोन गोष्टी होतील. कन्नड वाचायला-लिहायला पक्कं शीक, भांडण वेगळं आणि उतारा वेगळा. आणि मोडी शीक. आपल्या जिल्ह्यातल्या १९५० च्या आधीच्या गठ्ठ्यात मराठी मोडीत आहे, हुकूम इंग्रजीत, आणि त्यावरचे नंतरचे शेरे कन्नडात. एकाच फाइलीत तिन्ही वाचू शकेल असा तरुण माणूस मला गेल्या पाच वर्षांत भेटला नाही. त्यावर कॉम्प्युटरचा साधा डेटाबेस आणि माहिती अधिकार, डेटा कायदा, साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे मुळातून वाच, गाइडमधून नको. मग तुला कारकून म्हणणारे आधी तुझ्या टेबलासमोर उभे राहतील. पगार मात्र सुरुवातीला कारकुनाचाच असतो, तेही सांगून ठेवतो.

प्रश्न : कसरीसाठी कडुनिंबाचा पाला चालतो का? आमच्या वाचनालयात रजिस्टरं आहेत.
(एक वाचक, वडगाव)

उत्तर : चालतो, पण पूर्ण वाळलेला, कापडी पुरचुंडीत बांधून, आणि दर पावसाळ्यानंतर बदलून. ओला पाला पानांत घातलात तर डाग पडतात आणि बुरशी येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, वडगावात जुन्या भिंतींना ओल असते. आणि रजिस्टरं बाहेर काढालच, तर प्रत्येकाच्या पहिल्या पानावर बघून ते कशाचं आहे आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचं, ते एका वहीत उतरवून घ्या. ती वही मात्र त्या कपाटात ठेवू नका.